लिनक्सवर पॅकेज कुठून घ्यायचं आणि गेम कसे चालवायचे

लिनक्सवर नवीन आलेल्या माणसाचे पहिले दोन प्रश्न ठरलेले असतात. एकच सॉफ्टवेअर चार ठिकाणी दिसतंय, त्यातलं नेमकं कुठलं टाकू? आणि माझे गेम चालतील का? हे दोन वेगवेगळे प्रश्न वाटतात, पण गेमिंगपुरतं बोलायचं तर दोन्ही एकाच जागी येऊन भेटतात आणि ती जागा म्हणजे ग्राफिक्स ड्रायव्हर, म्हणजे सिस्टिमला ग्राफिक्स कार्ड वापरू देणारं सॉफ्टवेअर. ड्रायव्हर कुठून येतोय, किती नवा आहे आणि गेमला तो दिसतोय का, एवढं कळलं की कुठलं पॅकेज घ्यायचं ते बऱ्यापैकी आपोआप ठरतं. म्हणून आधी पॅकेजचं बघू, मग ड्रायव्हर, मग स्टीम (वाल्व्ह कंपनीचं गेम विकणारं आणि चालवणारं ॲप) आणि प्रोटॉन (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर).

पॅकेजचे प्रकार, कामापुरते

पहिला प्रकार म्हणजे डिस्ट्रोचं, म्हणजे तुम्ही टाकलेल्या लिनक्सच्या प्रकाराचं, स्वतःचं पॅकेज. ते टाकणारं टूल डेबियन, उबुंटू, मिंटवर एपीटी, फेडोरावर डीएनएफ, आर्चवर पॅकमॅन. यात सगळी सॉफ्टवेअर्स त्याच सामायिक लायब्ऱ्या वापरतात त्यामुळे डाउनलोड छोटं, चालू पटकन होतं, थीम-फॉन्ट जुळतात, आणि सिक्युरिटी अपडेट एका जागी आली की सगळ्यांना मिळते. तोटा असा की डेबियन स्टेबलसारख्या डिस्ट्रोवर व्हर्जन एकदा गोठलं की गोठलं, पुढचं स्टेबल यायला साधारण दोन वर्षं जातात. ऑफिसच्या कामाला हे उत्तम आहे, कालच आलेल्या गेमला नाही.

याच पद्धतीचा दुसरा धोका म्हणजे सगळं एकमेकांत गुंतलेलं असतं. २०२१ मध्ये एका प्रसिद्ध यूट्यूबरने पॉप ओएसवर स्टीम टाकायला घेतलं, पॅकेजांच्या डिपेंडन्सीत, म्हणजे कुठल्या पॅकेजला दुसरं कुठलं लागतं त्यात, तेव्हा गडबड होती, एपीटीने सांगितलं की हे टाकायचं तर डेस्कटॉप काढावा लागेल, खाली इशारा दिला, खात्री असेल तर अख्खं वाक्य टाइप करा म्हटलं, त्याने केलं आणि खरंच डेस्कटॉप गेला. पॉपवाल्यांनी ती गडबड नंतर दुरुस्त केली, पण यातून घ्यायची सवय आजही तीच आहे. काहीही टाकताना टर्मिनल जी यादी दाखवतं त्यातला "काढली जाणारी पॅकेजेस" हा भाग वाचल्याशिवाय हो म्हणू नका. तिथे डेस्कटॉपचं, स्क्रीनवर खिडक्या दाखवणाऱ्या एक्सऑर्गचं किंवा सिस्टिमचा गाभा असलेल्या कर्नलचं नाव दिसलं तर सरळ नाही म्हणा आणि आधी पूर्ण सिस्टिम अपडेट करून परत बघा, बऱ्याच वेळा तेवढ्यानेच सुटतं.

दुसरा प्रकार फ्लॅटपॅक. प्रवासाला निघताना स्वतःचं अंथरूण-पांघरूण सोबत घेऊन निघणाऱ्या माणसासारखं हे ॲप असतं, यजमानाच्या घरात काय आहे काय नाही याची त्याला फिकीर नाही. ॲप एका रनटाइमवर, म्हणजे लायब्ऱ्यांच्या तयार संचावर चालतं, तो रनटाइम ग्नोम किंवा केडीई या डेस्कटॉपचा किंवा फ्रीडेस्कटॉप प्रोजेक्टचा असतो, त्यामुळे पहिलं ॲप टाकताना डाउनलोड चांगलंच मोठं होतं पण पुढची ॲप्स तोच रनटाइम वाटून घेतात. ॲप सँडबॉक्समध्ये असतं, म्हणजे परवानगी दिली तेवढंच त्याला दिसतं. बहुतेक फ्लॅटपॅक फ्लॅटहब नावाच्या स्टोअरवर मिळतात आणि तिथे ॲपच्या नावाशेजारी व्हेरिफाइडची खूण आहे का ते बघून घ्यायची सवय लावा. खूण आहे म्हणजे मूळ डेव्हलपरने ते स्वतःचं म्हणून मान्य केलंय. खूण नसलेलं वाईट असतं असं नाही, कोणीतरी स्वयंसेवक बनवत असतो, पण बँकेशी, पासवर्डशी संबंधित ॲप असेल तर मी तरी खूण बघूनच घेतो.

तिसरा स्नॅप, उबुंटू बनवणाऱ्या कॅनॉनिकलचा. सर्व्हरवर आणि कमांड लाइनच्या टूल्ससाठी तो चांगला चालतो, अपडेट आपणहून होतात. आक्षेप असतो तो दोन गोष्टींवर, एक म्हणजे त्याचं स्टोअर एकच आणि त्याचा सर्व्हरकडचा कोड बंद, दुसरं म्हणजे उबुंटूवर फायरफॉक्ससारखी गोष्ट एपीटीने मागितली तरी स्नॅपच येतो. मिंटने २०२० मध्ये २० व्या आवृत्तीपासून स्नॅप बाय डिफॉल्ट बंद केला तो याच वादातून. माझं मत असं की उबुंटूवर आहात आणि स्नॅप त्रास देत नाहीये तर मुद्दाम उपटून काढत बसू नका, पण गेमिंगसाठी तो नको, कारण पुढे येतंय.

चौथा ॲपइमेज. एकच फाइल, डाउनलोड करा, प्रॉपर्टीजमध्ये जाऊन एक्झिक्यूटेबल करा, डबल क्लिक. इन्स्टॉल नाही की अनइन्स्टॉल नाही. पण अपडेट आपलं आपण बघायचं आणि सँडबॉक्स नसतो. उबुंटू २२.०४ पासून बऱ्याच लोकांची ॲपइमेज डबल क्लिक केल्यावर काहीच होत नाही, एररही दिसत नाही, त्याचं कारण म्हणजे ॲपइमेज उघडायला लागणारी जुन्या फ्यूज २ ची लायब्ररी आता आधीपासून टाकलेली नसते. ती एक लायब्ररी एपीटीने टाकली की चालू होतं. मात्र फक्त लायब्ररीच टाका, नुसतं फ्यूज नावाचं जुनं पॅकेज टाकायला गेलात तर ते नव्या फ्यूजला काढून टाकतं आणि सोबत डेस्कटॉपचे भागही जाऊ शकतात. वर म्हटलं तसं यादी वाचा.

आर्चवाल्यांसाठी एयूआर हा वेगळाच खजिना आहे, पण ते कोणीही टाकलेल्या, पॅकेज बनवणाऱ्या स्क्रिप्टांचं कोठार आहे हे विसरू नका. जुलै २०२५ मध्ये तिथे ब्राउझरच्या नावाखाली चक्क मालवेअर असलेली पॅकेजेस सापडली आणि काढावी लागली. स्क्रिप्ट छोटी असते, वाचायला दोन मिनिटं लागतात, ती द्या.

मग ठरवायचं कसं तर माझा नियम सोपा आहे. सिस्टिमला चिकटलेलं सगळं डिस्ट्रोकडून घ्या, म्हणजे कर्नल, ड्रायव्हर, डेस्कटॉप, प्रिंटरचं, व्हीपीएन, कमांड लाइनची टूल्स, प्रोग्रामिंगची साधनं. वर खिडकी उघडून चालणारी ॲप्स, म्हणजे व्हिडिओ एडिटर, चॅट, स्क्रीन रेकॉर्ड करणारं ओबीएस, ऑफिस, ही फ्लॅटपॅकमधून घ्या, विशेषतः तुमची डिस्ट्रो स्थिर प्रकारची असेल तर. ॲपइमेज तेव्हाच जेव्हा डेव्हलपर दुसरं काही देत नाही. आणि एकच ॲप दोन प्रकारांत एकाच वेळी ठेवू नका, कारण दोघांच्या सेटिंग्ज वेगळ्या फोल्डरमध्ये जातात आणि मग काल केलेला बदल आज दिसत नाही म्हणून माणूस हैराण होतो.

ड्रायव्हर, इथे वेळ द्या

कार्ड एएमडीचं किंवा इंटेलचं असेल तर वेगळा ड्रायव्हर शोधायला जाऊ नका. कर्नलमधला भाग कर्नलसोबत येतो आणि वरचा भाग मेसा नावाच्या प्रोजेक्टमधून येतो, दोन्ही डिस्ट्रो देते. कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून काही डाउनलोड करण्याची विंडोजची सवय इथे सोडा. फक्त एक बघा, कार्ड नवीन पिढीचं असेल तर कर्नल आणि मेसा त्या कार्डानंतर आलेले पाहिजेत, नाहीतर कार्ड ओळखलंच जाणार नाही. नवं कार्ड आणि जुनी स्थिर डिस्ट्रो ही जोडी जमत नाही, तिथे फेडोरा, आर्च किंवा त्यांच्यावर बेतलेलं बझाइट, नोबारा, कॅचीओएस असलं काहीतरी घ्या.

एनव्हिडिया असेल तर डिस्ट्रोच्या रेपॉझिटरीतूनच, म्हणजे पॅकेजांच्या कोठारातूनच, ड्रायव्हर घ्या, उबुंटू आणि मिंटवर त्यासाठी वेगळी ड्रायव्हरची खिडकी आहे, फेडोरावर आरपीएम फ्यूजन नावाची वेगळी रेपॉझिटरी चालू करावी लागते. कंपनीच्या साइटवरची ती रन नावाची फाइल नको, कारण पुढच्या कर्नल अपडेटला ती हमखास अडकते आणि मग काळी स्क्रीन. फेडोरावर अजून एक गोष्ट, पॅकेज टाकून झालं म्हणून लगेच रीस्टार्ट करू नका, मागे कर्नल मॉड्यूल, म्हणजे ड्रायव्हरचा कर्नलमध्ये बसणारा भाग, कंपाइल होत असतं, पाच मिनिटं थांबा. आणि सिक्युअर बूट (साइन नसलेला कोड लोड होऊ न देणारी सोय) चालू असेल तर ते मॉड्यूल साइन केलेलं लागतं, उबुंटू इन्स्टॉल करताना तुम्हाला एक पासवर्ड ठरवायला लावतं आणि पुढच्या बूटला निळ्या स्क्रीनवर की नोंदवायची का असं विचारतं. बरेच जण ती निळी स्क्रीन बघून घाबरून कंटिन्यू दाबतात आणि मग ड्रायव्हर लोड होत नाही. तिथे एनरोलचा पर्याय निवडून तो पासवर्ड द्यायचा असतो.

आता नीट बसलंय का हे बघायचं कसं? स्टीम उघडा, हेल्प मेनूत सिस्टिम इन्फॉर्मेशन आहे, तिथे व्हिडिओ कार्डच्या भागात ड्रायव्हरची ओळ वाचा. तुमच्या कार्डाचं नाव दिसलं तर ठीक. तिथे एलएलव्हीएमपाइप असं नाव दिसलं तर समजा की ग्राफिक्सचं सगळं काम सीपीयू करतोय, कार्ड नुसतं बसून आहे, आणि मग गेम सेकंदाला दोन-चार फ्रेम देणारच. अशा वेळी प्रोटॉनच्या आवृत्त्या बदलत बसण्यात काही अर्थ नाही, आधी ड्रायव्हर.

स्टीम कुठल्या पॅकेजमधून

स्टीमचा क्लायंट लिनक्सवर वर्षानुवर्षं ३२ बिट लायब्ऱ्यांवर उभा आहे आणि कितीतरी जुने गेमही ३२ बिट आहेत. त्यामुळे डिस्ट्रोचं पॅकेज घेताना ३२ बिटचा भाग चालू असावा लागतो. डेबियनवर आय३८६ आर्किटेक्चर आपल्या हाताने जोडावं लागतं, आर्चवर मल्टिलिब नावाची रेपॉझिटरी चालू करावी लागते. आर्चवर स्टीम टाकताना ३२ बिट व्हल्कन ड्रायव्हर (व्हल्कन म्हणजे गेमने कार्डाशी बोलायची पद्धत) कुठला हवा अशी यादी येते आणि नुसतं एंटर मारलं की पहिला पर्याय निवडला जातो, जो तुमच्या कार्डाचा असेलच असं नाही. एएमडी असेल तर रेडिऑनवाला, इंटेल असेल तर इंटेलवाला, एनव्हिडिया असेल तर एनव्हिडियाच्या युटिल्सवाला, नंबर बघून टाइप करा. या एका एंटरमुळे "स्टीम उघडतं पण गेम उघडत नाही" म्हणणारे खूप जण असतात.

तर पर्याय तीन. डिस्ट्रोचं किंवा वाल्व्हचं डेब पॅकेज (डेब म्हणजे एपीटीवाल्या डिस्ट्रोंचं पॅकेज), फ्लॅटपॅक, आणि स्नॅप. स्नॅप सोडून द्या, २०२४च्या सुरुवातीला वाल्व्हच्या एका डेव्हलपरनेच उघडपणे सांगितलं की स्नॅपवाल्या स्टीममुळे खूप तक्रारी येतायत, त्याऐवजी डेब किंवा फ्लॅटपॅक वापरा. उबुंटूवर ॲप सेंटरमध्ये शोधलं तर स्नॅप समोर येऊ शकतो म्हणून तिथे एपीटीने किंवा स्टीमच्या साइटवरचं डेब घेतलेलं बरं.

राहिले दोन. तुमची डिस्ट्रो ताजी असेल, म्हणजे फेडोरा किंवा आर्चच्या घरातली, तर डिस्ट्रोचंच पॅकेज घ्या, कटकट कमी. पण डेबियन स्टेबल किंवा जुन्या एलटीएसवर (दीर्घकाळ सपोर्ट मिळणाऱ्या आवृत्तीवर) असाल आणि कार्ड एएमडी किंवा इंटेलचं असेल तर फ्लॅटपॅकचा एक मोठा फायदा आहे जो फारसा कोणी सांगत नाही. फ्लॅटपॅक मेसा स्वतःसोबत आणतं. सिस्टिममधला मेसा दोन वर्षं जुना असला तरी फ्लॅटपॅकमधल्या स्टीमला ताजा मेसा मिळतो, म्हणजे खाली स्थिर सिस्टिम आणि वर नवीन ग्राफिक्स, दोन्ही. फक्त कर्नलने कार्ड ओळखलेलं पाहिजे.

एनव्हिडियाला मात्र उलटं आहे. फ्लॅटपॅकच्या आतला एनव्हिडियाचा भाग आणि सिस्टिमवरचा ड्रायव्हर यांचा नंबर अगदी तंतोतंत जुळावा लागतो. सिस्टिम अपडेट केली, ड्रायव्हर बदलला, रीस्टार्ट केलं आणि अचानक सगळे गेम एलएलव्हीएमपाइपवर गेले, असं झालं तर बाकी काही न करता फ्लॅटपॅक अपडेट चालवा, जुळणारा भाग खाली येतो आणि काम सुरू.

फ्लॅटपॅकवाल्या स्टीमबद्दल आणखी तीन गोष्टी आधीच माहीत हव्यात. दुसऱ्या ड्राइव्हवरची गेम लायब्ररी त्याला दिसणार नाही, त्यासाठी फ्लॅटसील नावाचं छोटं ॲप टाका, स्टीम निवडा, फाइलसिस्टिमच्या भागात अदर फाइल्समध्ये त्या ड्राइव्हचा पूर्ण पाथ जोडा आणि स्टीम पूर्ण बंद करून परत उघडा. दुसरं, मँगोहड (गेमवर फ्रेमचे आकडे दाखवणारं) आणि गेमस्कोप (गेमची खिडकी सांभाळणारं) सिस्टिममध्ये टाकलेले आतून चालत नाहीत, त्यांची फ्लॅटपॅक एक्स्टेन्शन्स वेगळी घ्यावी लागतात. तिसरं, कंट्रोलर नीट ओळखला जात नसेल तर स्टीम डिव्हायसेस नावाचं पॅकेज डिस्ट्रोकडून टाका, कारण यूडेव्हचे नियम, म्हणजे जोडलेलं यंत्र कोणाला वापरता येईल ते ठरवणारे, फ्लॅटपॅक स्वतः बसवू शकत नाही.

प्रोटॉन आणि गेम

वाइन १९९३ पासून बनतंय, विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवायचे म्हणून. वाल्व्हने त्यावर ऑगस्ट २०१८ मध्ये प्रोटॉन आणलं, त्यात डीएक्सव्हीके हा डायरेक्टएक्स ९, १०, ११ चं व्हल्कनमध्ये रूपांतर करतो आणि डायरेक्टएक्स १२ साठी व्हीकेडी३डी प्रोटॉन आहे. २०२२ मध्ये स्टीम डेक आलं, त्याच्या स्टीमओएसचा पाया आर्चचा, आणि त्या एका यंत्रामुळे गेम कंपन्यांनी लिनक्सकडे बघायला सुरुवात केली, त्याचा फायदा आपल्या डेस्कटॉपला रोज मिळतोय.

कुठलाही गेम विकत घ्यायच्या आधी प्रोटॉनडीबीवर, म्हणजे गेम लिनक्सवर कसा चालला ते लोक जिथे लिहितात त्या साइटवर, त्याचं नाव टाका. नुसती गोल्ड-प्लॅटिनमची श्रेणी बघू नका, खाली लोकांनी काय लिहिलंय ते गेल्या काही महिन्यांचं वाचा आणि तुमच्याच कंपनीचं कार्ड असलेल्यांचं वाचा. ऑनलाइन मल्टिप्लेअर असेल तर अँटी-चीटचं, म्हणजे खेळात फसवणूक पकडणाऱ्या सॉफ्टवेअरचं, वेगळं बघा. इझी अँटी-चीट आणि बॅटलआय दोघांनीही २०२१ मध्ये प्रोटॉनला सपोर्ट दिला, पण तो प्रत्येक गेमच्या डेव्हलपरने स्वतः चालू करायचा असतो आणि अनेक जण करत नाहीत. व्हॅलोरंट चालत नाही, लीग ऑफ लेजेंड्स आधी चालायचं ते २०२४ मध्ये व्हॅनगार्ड हे अँटी-चीट आल्यावर बंद झालं, एपेक्स लेजेंड्सने ऑक्टोबर २०२४ च्या शेवटी लिनक्सवाल्यांना बाहेर काढलं. म्हणजे आज चालणारा ऑनलाइन गेम उद्याही चालेल याची हमी कोणी देत नाही. तुमचे रोजचे मित्र अशाच एखाद्या गेमवर असतील तर विंडोजचं पार्टिशन ठेवा, ते ठेवण्यात कमीपणा काही नाही, मित्रांसोबत खेळणं जास्त महत्त्वाचं. एकट्याने खेळायचे गेम मात्र आता बहुतेक सरळ चालतात.

गेम उघडला नाही तर क्रमाने जा. आधी गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये कंपॅटिबिलिटीत जाऊन प्रोटॉनची दुसरी आवृत्ती लावून बघा, मग प्रोटॉन एक्सपेरिमेंटल. गेमची लिनक्स आवृत्ती आहे पण ती अडखळतेय, असंही होतं, कंपनीने एकदा पोर्ट करून सोडून दिलेलं असतं, तिथे जबरदस्तीने प्रोटॉन लावला की विंडोजवाली आवृत्ती उतरते आणि तीच नीट चालते. मधले व्हिडिओ सीन दिसण्याऐवजी रंगीत पट्ट्यांचं टेस्ट कार्ड दिसत असेल तर तो व्हिडिओच्या कोडेकचा प्रश्न आहे, तिथे जीई प्रोटॉन ही वाल्व्हबाहेरच्या लोकांनी सुधारलेली आवृत्ती टाका, प्रोटॉनअप क्यूटी नावाच्या ॲपमधून दोन क्लिकमध्ये येतो, नंतर स्टीम रीस्टार्ट करायचं विसरू नका. तरीही नाही झालं तर लाँच ऑप्शन्समध्ये प्रोटॉनचा लॉग चालू करा, होम फोल्डरमध्ये स्टीम आणि गेमचा नंबर अशा नावाची फाइल तयार होते, मदत मागताना ती जोडली की सांगणाऱ्यालाही काहीतरी धरायला मिळतं.

ड्युअल बूटवाले लोक विंडोजच्या एनटीएफएस ड्राइव्हवरची गेम लायब्ररी तशीच लिनक्समध्ये जोडतात, जागा वाचते म्हणून. नका करू. प्रोटॉन प्रत्येक गेमसाठी एक प्रीफिक्स फोल्डर बनवतो आणि त्यात सी ड्राइव्हच्या नावाची, म्हणजे सी आणि पुढे कोलन अशी लिंक असते. फाइलच्या नावात कोलन विंडोजला चालत नाही, मग कधी गेम उघडत नाही, कधी विंडोज तो ड्राइव्ह तपासायला घेतो. त्यात विंडोजचं फास्ट स्टार्टअप चालू असेल तर ड्राइव्ह अर्धवट बंद झालेला असतो आणि लिनक्सला तो फक्त वाचता येतो, लिहिता येत नाही. गेमसाठी लिनक्सच्या एक्स्ट ४ किंवा बीटीआरएफएस फाइलसिस्टिमचं वेगळं पार्टिशन ठेवा.

स्टीमच्या बाहेरचे गेम असतील तर एपिक, जीओजी आणि ॲमेझॉनसाठी हिरोइक घ्या, फ्लॅटपॅक छान चालतो. बाकी लाँचर, जुन्या सीडीवरचे गेम, एम्युलेटर असलं सगळं एका जागी हवं तर ल्युट्रिस. बॉटल्स (विंडोजचे प्रोग्रॅम चालवणारं ॲप) वापरणार असाल तर फ्लॅटपॅकच घ्या, त्याचे डेव्हलपर तेवढ्यालाच सपोर्ट करतात.

आणि एखादा गेम बिघडला म्हणून प्रीफिक्स डिलीट करून नव्याने सुरू करा असा सल्ला सगळीकडे मिळतो, बरोबरही असतो, पण क्लाउड सेव्ह नसलेल्या गेमचे सेव्ह त्या प्रीफिक्सच्या आतच असतात. स्टीमॲप्समध्ये कॉम्पॅटडेटा, त्यात गेमच्या नंबरचा फोल्डर, त्यात पीएफएक्स, त्याच्या आत ड्राइव्ह सी, मग यूजर्स आणि त्यात स्टीमयूजर. हा स्टीमयूजर फोल्डर आधी दुसरीकडे कॉपी करून ठेवा, मग डिलीट करा, गेम एकदा उघडून बंद करा म्हणजे नवा प्रीफिक्स तयार होतो, आणि मग डॉक्युमेंट्स, सेव्हड गेम्स किंवा ॲपडेटामधलं फक्त त्या गेमचं फोल्डर परत जागेवर ठेवा. सगळा स्टीमयूजर जसाच्या तसा परत टाकू नका, नाहीतर बिघडलेली सेटिंगही त्याच्यासोबत परत येते.